पाट्या पडू द्या

नावात काय आहे, असा प्रश्न सिनेमाच्या बाबतीत कुणाला पडला असेल, तर त्याचं उत्तर पौडला मिळतं. पौड हे मुळशी तालुक्याचं ठिकाण. पुण्यातल्या पौड फाट्यावरून निघालेला रस्ता साधारण ३० किलोमीटरवर जिथे येतो, तिथे तहसील कचेरी आहे, पोलीस ठाणं आहे, शेजारून मुळा नदी वाहते. या तालुक्याला स्वतःचा मोठा इतिहास आहे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा देशातला इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. पुढे याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आलं, लवासा आलं, भाताच्या खाचरांचे प्लॉट झाले. पण आज महाराष्ट्रात कुठेही 'मुळशी' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा शब्द येतो तो 'पॅटर्न', आणि तो म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढे सत्याग्रह नसतो, धरण नसतं, आंबेमोहोरही नसतो. डोळ्यांपुढे असतो तो कोयता. २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या प्रवीण तरडे यांच्या चित्रपटाच्या दोन शब्दांच्या नावाने हे घडवलं. खुनाच्या, टोळीयुद्धाच्या बातम्यांना हे दोन शब्द मथळा म्हणून सर्रास वापरले जातात. पडद्यावर पडणाऱ्या पहिल्या पाटीत एवढी ताकद असते. म्हणूनच ती पाटी आणि तिच्याभोवतीची दोन मिनिटं ही सिनेमातली बिनकामाची जागा आहे, हे सध्या फार सहज मांडलं जाणारं मत मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सविस्तर सांगायला हवं.

हे मत असं आहे. प्रेक्षकाला नावांत रस नसतो, गोष्टीत असतो. तेव्हा सुरुवातीची श्रेयनामावली उचलून शेवटी टाकावी, चित्रपटाचं नाव दोन सेकंद दाखवावं आणि थेट कथेला हात घालावा. लांबी कमी करायची वेळ आली की संकलनाच्या टेबलावर पहिली कात्री इथे चालते. या मताच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. आज मराठी चित्रपटाच्या आधी प्रेक्षकाच्या वाट्याला जे येतं ते त्याच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारंच असतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. २०१२पासून सक्तीची झालेली तंबाखूविरोधी फीत येते. सर्व पात्रं काल्पनिक असल्याचा खुलासा येतो. मग निर्मितीसंस्थांची एकामागून एक बोधचिन्हं, आणि मग आभाराची पाटी, जी कधी इतकी लांब असते की गावजेवणाची यादी वाटावी. एवढं झाल्यावर आणखी नावं नकोत, असं प्रेक्षकाला वाटलं तर त्याची चूक नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष मात्र उलटा आहे. या सगळ्या गोष्टी सरकारच्या, कायद्याच्या, पैसे घालणाऱ्यांच्या आहेत. त्यांतली एकही दिग्दर्शकाची नाही. इतकी बाहेरची माणसं बोलून गेल्यावर चित्रपट स्वतःच्या आवाजात पहिलं वाक्य कधी बोलणार, हा प्रश्न अशा वेळी जास्तच महत्त्वाचा होतो. ओसरीवर गर्दी झाली म्हणून कुणी घराचा उंबरठा उखडून काढत नाही.

शीर्षकांना उंबरठा म्हणणं मराठी माणसाला जड जाऊ नये, कारण आपल्या सगळ्या प्रयोगकलांनी तो जपलेला आहे. तमाशात आधी गण होतो, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. गणात गणपतीला आवाहन असतं आणि ते ऐकणाऱ्याला पाठ असतं. त्यात नवी माहिती एका अक्षराचीही नसते. तरीही गणाशिवाय फड उभा राहत नाही, कारण डफ-तुणतुण्याच्या त्या पहिल्या ठेक्यात बसलेला माणूस बाजारातून, शेतातून, भांडणातून उठून प्रयोगात येतो. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग उलगडतो तेव्हा उत्तररंगातलं आख्यान कोणत्या अंगाने ऐकायचं हे ठरून जातं. संगीत नाटकाची नांदी तेच करते. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने १९७२ साली या परंपरेचा केवढा उपयोग करून घेतला, ते आठवावं. बारा ब्राह्मणांची रांग रंगमंचावर उभी राहते, गणाने नाटक सुरू होतं, आणि देवाला केलेल्या त्या वंदनाच्या सुरातच एक बोचरेपणा मिसळलेला असतो. भक्तीचा घाट आणि आतला दंभ या दोन्हींची जाणीव कथा सुरू होण्याआधीच होते. पुढे घाशीराम शहर वेठीला धरतो तेव्हा तीच माणसांची भिंत काय काय लपवते हे प्रेक्षक ओळखून असतो. गण हा केवळ शिष्टाचार असता तर तेंडुलकरांनी आणि जब्बार पटेलांनी तो ठेवलाच नसता. सिनेमाच्या शीर्षकांचं काम नेमकं हेच आहे. काय घडणार हे सांगणं त्यांचं काम नाही. जे घडणार ते कोणत्या कानांनी ऐकायचं आणि कोणत्या डोळ्यांनी पाहायचं, हे ती ठरवून देतात.

आपल्या सिनेमालाही हे पहिल्यापासून कळलेलं होतं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचं चिन्ह म्हणजे तुतारी फुंकणारी स्त्री. ती तुतारी हे निव्वळ कंपनीचं नाव नव्हतं. पुढे येणारी गोष्ट सच्ची आणि नेटकी असेल, असा तो शब्द होता, आणि प्रेक्षक त्या शब्दावर तिकीट काढत होते. १९३६च्या 'संत तुकाराम'ची सुरुवात पाहावी. तुकोबा आपल्याच तंद्रीत भजन म्हणताहेत, आणि लगेच तीच रचना सालोमालो देवळात ठसक्यात गाऊन आपल्या नावावर खपवतो आहे. दोन आवाज शेजारी ठेवले आणि पहिल्या काही मिनिटांतच हा संतपट चमत्कारांचा राहिला नाही. खरा शब्द कुणाचा, या वादाचा झाला. पुढे चमत्कारही येतात, पण पाहणारा ते या वादाच्या उजेडात पाहतो.

आता वेगळ्या जातीचं उदाहरण घेऊ, कारण शीर्षकं चित्रपटाचा बाज ठरवतात हे भारतीय प्रेक्षकाला सगळ्यात जास्त वेळा दाखवलं ते 'शोले'ने. १९७५ सालच्या या चित्रपटात एक आगगाडी आडवळणाच्या स्टेशनात थांबते. एक पोलीस अधिकारी उतरतो, त्याला न्यायला आलेला रामलाल भेटतो आणि दोघे घोड्यांवर बसून निघतात. नावं पडू लागतात. पुढची काही मिनिटं संवाद नाही, फक्त वाट आहे. आधी उघडे, गोल, उन्हात भाजलेले खडक येतात आणि राहुलदेव बर्मन यांची गिटार वाजत असते. हे अमेरिकी काउबॉयपटाचं जग आहे, असं कान सांगतो. मग घोडे गावात शिरतात. घरं येतात, कामात असलेली माणसं येतात आणि सुरावटीची चाल हळूहळू देशी होत जाते. वाट तीच, घोडे तेच, पण बाहेरून आणलेला साचा गावाच्या अंगाला बसवून घेतला गेला, तोही एक शब्द न बोलता. पुढे गब्बर खडकांवर उभा राहून बोलतो किंवा ठाकूरच्या वाड्यात कंदील मालवले जातात तेव्हा ही दोन जगं एकत्र कशी, असा प्रश्न कुणालाही पडत नाही. तो पडत नाही याचं कारण त्या वाटेवरच्या प्रवासात आहे. हा प्रवास कापून चित्रपट थेट ठाकूरच्या ओसरीवर सुरू केला असता तर कथेचा एक धागाही कमी झाला नसता. कमी झाली असती ती जमीन, जिच्यावर कथा उभी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. 'शोले'सारखं बजेट मराठी निर्मात्याकडे कुठलं, असं विचारलं जातं. हा आक्षेप शीर्षकांना दागिना समजण्यातून येतो. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'ची, १९६४ सालची, शीर्षकं पाहा. पडद्यावर एका स्त्रीचे हात आहेत. हातात भरतकामाची चौकट आहे आणि ती रुमालावर 'ब' हे अक्षर रेशमाने भरते आहे. सुई खाली जाते, वर येते, दोरा ओढला जातो, नावं पडत राहतात. या दृश्याला फक्त कापड, दोरा आणि कॅमेरा लागला. पण एवढ्यात काय काय सांगून झालं ते मोजावं. घर सुखवस्तू आहे. हात कसबी आहेत. दुपार लांबलचक आहे. आणि या हातांना ज्या नावाचं अक्षर भरायचं आहे ते तिचं नाही, नवऱ्याचं आहे. भूपतीचा 'ब'. पुढे हीच चारू लिहू लागते आणि अक्षर तिचं स्वतःचं होतं, तेव्हा त्या पहिल्या सुईची आठवण पाहणाऱ्याच्या मनात असते. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'महानगर'मध्ये राय यांनी ट्रामचा दांडा वरच्या विजेच्या तारेवरून सरकताना दाखवला. तारेवर अधूनमधून ठिणगी उडते, बस्स. नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या स्त्रीची गोष्ट कोणत्या ताणाखाली चालणार आहे, हे त्या ठिणगीने सांगितलं. राय जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेले होते आणि अक्षरांवर त्यांचा जीव होता. त्यांनी पैसे घातले नाहीत, विचार घातला. मराठीत विचाराची टंचाई आहे, असं निर्मात्यांनाही म्हणायचं नसेल.

उलट अक्षरातून बाज सांगण्याची कला महाराष्ट्रात घरोघरी पोचलेली आहे. वर्तमानपत्राच्या नाटकांच्या पानावर कमल शेडगे यांनी अनेक दशकं नाटकांची नावं अक्षरांतून उभी केली. नाटक गंभीर की फार्स, ऐतिहासिक की घरगुती, हे वाचकाला कलाकारांची नावं वाचण्याआधी कळायचं, कारण अक्षराच्या वेलांटीला आणि मात्रेलाच स्वभाव दिलेला असायचा. जाहिरातीच्या काही सेंटिमीटर जागेत, एका काळ्या शाईत हे होत होतं. ज्या समाजाने असा अक्षरांचा माणूस पाहिला, त्याच समाजाच्या सिनेमात आज संगणकावर जो फाँट आधी सापडेल त्यात नाव टाकून मोकळं व्हायचं, आणि मग शीर्षकांना काही अर्थ नसतो असं म्हणायचं, हे बरं नाही. अर्थ काढून घेतला आपणच, आणि दोष मात्र जागेला देतो आहोत.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो गंभीर आहे. नेटफ्लिक्सने २०१७ साली शीर्षकं ओलांडून पुढे नेणारं बटण आणलं, आणि ते दिवसाला सरासरी १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं, असं त्या कंपनीने २०२२ साली जाहीर केलं. प्रेक्षकानेच कौल दिला, मग वाद कशाला, असं म्हटलं जातं. पण हा कौल कशाबद्दल आहे? ते बटण मुळात मालिकांसाठी आलं. एकाच बैठकीत सहा भाग पाहणारा माणूस तीच शीर्षकं सहाव्यांदा पाहायला तयार नसतो, एवढंच त्या आकड्यातून सिद्ध होतं. वग रंगात आल्यावर दर अर्ध्या तासाने पुन्हा गण सुरू केला तर फडातली माणसंही उठून जातील. त्यावरून पहिला गण नको होता, असं ठरत नाही. शिवाय मराठी प्रेक्षकाची साक्ष याच्या बरोबर उलट आहे. १९९९ साली सुरू झालेल्या 'आभाळमाया'चं मंगेश कुळकर्णी यांनी लिहिलेलं, अशोक पत्की यांनी स्वरबद्ध केलेलं आणि देवकी पंडित यांनी गायलेलं शीर्षकगीत पाव शतकानंतरही लोकांच्या तोंडी आहे. त्या मालिकेतले प्रसंग किती जणांना क्रमाने सांगता येतील? गीत मात्र पहिल्या सुराला ओळखलं जातं, कारण रोज संध्याकाळी ते घरातल्या माणसांना हाका मारून एका जागी बसवत होतं. लोक शीर्षकांना कंटाळत नाहीत. ज्यांत काही सांगितलेलंच नाही अशा शीर्षकांना कंटाळतात.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. ते म्हणतात, शीर्षकांतून भाव आधीच ठरवून देणं म्हणजे प्रेक्षकावर जबरदस्ती आहे. त्याला मोकळ्या मनाने कथेत येऊ द्यावं. ऐकायला हे उदार वाटतं, पण मोकळं मन घेऊन चित्रपटगृहात कुणी येत नाही. प्रत्येक जण पोस्टर पाहून, ट्रेलर पाहून, गाणं ऐकून, कुणाचं तरी मत कानावर पडून आलेला असतो. म्हणजे अपेक्षा तयार आहेच. प्रश्न एवढाच उरतो, की तिच्यावर दिग्दर्शकाचा हात फिरणार की जाहिरातवाल्याचाच शेवटचा राहणार. हिचकॉकच्या १९६० सालच्या 'सायको'ची शीर्षकं सॉल बास यांनी केली. पडद्यावर चित्र असं काहीच नाही. काळ्यावर करड्या पट्ट्या आडव्या-उभ्या धावतात, नावं चिरली जातात, पुन्हा जुळतात, आणि बर्नार्ड हरमन यांची फक्त तंतुवाद्यं धारदार वाजत राहतात. त्यानंतर सुमारे पाऊण तास चित्रपटात भीतीदायक म्हणावं असं जवळजवळ काही घडत नाही. एक मुलगी मालकाच्या पैशांवर हात मारते आणि गाडी घेऊन पळते, एवढीच गोष्ट आहे. पण ती गाडी चालवत असताना शीर्षकांतलं तेच संगीत परत येतं आणि साधा रस्ता जीवघेणा वाटू लागतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, कारण कारण पटकथेत नाही, ते पाट्यांत आहे. हिचकॉकने शेवट सांगून टाकला नाही. उलट पैशांच्या चोरीत गुंतवून प्रेक्षकाला पूर्ण चकवलं. भाव आधी देणं आणि कथा आधी फोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करूनच हा आक्षेप उभा राहतो.

याच सॉल बास यांनी १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'साठी कापलेल्या कागदासारख्या वाकड्या हाताची शीर्षकं केली, तेव्हा त्या चित्रपटाच्या डब्यांवर प्रक्षेपकासाठी सूचना चिकटवलेली होती, की पाट्या सुरू होण्याआधी पडदा उघडावा. तोवर नावं सरकत असतानाच पडदा सावकाश बाजूला करायची रीत होती, लोक जागा शोधत असत, खायला घेऊन येत असत. म्हणजे 'पाट्या कोण पाहतं' हे मत आज निघालेलं नाही. सत्तर वर्षांपूर्वीही ते होतं, आणि त्याला उत्तर देण्यासाठी बास यांनी पाट्या कापल्या नाहीत, पाहण्याजोग्या केल्या.

चौथा आक्षेप असा, की आजचे उत्तम चित्रपट पाट्यांशिवायच सुरू होतात. थेट प्रसंगात उतरतात, आणि तेच आधुनिक आहे. 'फँड्री'चं नाव इथे हमखास घेतलं जातं. पण 'फँड्री' कशाने उघडतो ते पाहावं. जब्या नावाचा मुलगा गलोल घेऊन माळावर काळ्या चिमणीच्या मागे आहे. मूल, खडा, नेम आणि हाती न लागणारा पक्षी. नागराज मंजुळे यांनी शीर्षकांचं सगळं काम त्या शिकारीवर सोपवलं. गोष्ट कोवळी आहे, इच्छेची आहे, असं आपण मनाशी ठरवतो. शेवटी त्याच हातातला दगड आपल्या दिशेने येतो तेव्हा सुरुवातीचा खडा कशासाठी होता ते कळतं आणि हादरा बसतो. उंबरठा नसता तर ठेच कशाला लागली असती? 'डॉन'मध्ये, १९७८ साली, आधी मोकळ्या माळावर पैशांचा सौदा आणि स्फोट होतो आणि मग पाट्या पडतात. तिथेही शीर्षकांची जागा बदलली, ती रद्द झाली नाही. जॉर्ज लुकास यांनी 'स्टार वॉर्स' मालिकेत दिग्दर्शकाचं नाव सुरुवातीला द्यायला नकार दिला. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'च्या वेळी दिग्दर्शकांच्या संघटनेने त्यांना दंड केला, तो भरून ते संघटनेतून बाहेर पडले. त्यांनी नावं काढली, कारण अवकाशात वर सरकत जाणारा तो पिवळा मजकूर त्यांना अखंड हवा होता. नावं नकोत म्हणणाऱ्या माणसाने शीर्षकासाठी एवढी किंमत मोजली. तेव्हा मी लांबीची बाजू घेत नाही, नावांच्या यादीचीही घेत नाही. नावं शेवटी जाऊ देत. पण चित्रपटाचा पहिला श्वास कसा असावा हा विचार सोडून देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. नुसती कात्री चालवणारा तो विचार सोडून देतो, आणि मग त्या जागी आपोआप काहीतरी येऊन बसतं.

काय येऊन बसतं, याचं उदाहरण म्हणून पुन्हा मुळशीकडे यावं लागतं. 'पॅटर्न' हा शब्द मराठीत रुळला तो लातूरमुळे. दहावी-बारावीच्या निकालांत वर येणाऱ्या मुलांमुळे 'लातूर पॅटर्न' घराघरात पोचला, आणि त्यात गावाचं नाव कर्तबगारीला जोडलेलं होतं. तरडे यांनी तोच शब्द उचलून मुळशीला जोडला. स्वतः या तालुक्यातल्या माणसाने हे नाव दिलं, यात वेदना आहे. पिढ्यानुपिढ्या जमीन कसणारा विकतो, पैसा येतो आणि जातो, बाप शहरात हमाली करतो, मुलगा टोळीत जातो, आणि हे एका घरात नाही तर घरामागून घरात घडतं, म्हणून तो पॅटर्न. नावात हा सगळा अर्थ आहे. चित्रपटाच्या पोटातही आहे. मोहन जोशी यांनी उभा केलेला बाप पाहिलेल्या कुणालाही तो नाकारता येणार नाही. पण प्रेक्षक पडद्यापुढे बसेपर्यंत पोस्टरं, ट्रेलर आणि 'अराररा'च्या ठेक्याने त्याचं मन एका बाजूला पुरतं झुकवलेलं होतं. त्याच्या लेखी तो गुंडांचा सिनेमा होता. पुढे जे लोकांच्या तोंडी राहिलं तेही त्याच बाजूचं राहिलं. जमिनीची शोकांतिका मागे पडली आणि पॅटर्न म्हणजे हाणामारी, असा अर्थ पक्का झाला. याचं ओझं आज तालुक्याच्या नावावर आहे.

याच कथेवर महेश मांजरेकर यांनी २०२१ साली हिंदीत 'अंतिम: द फायनल ट्रुथ' केला, तो या वादातला दुसरा पुरावा. नावातून मुळशी गेली, पॅटर्नही गेला. उरला तो शेवट आणि सत्य, म्हणजे कुठल्याही शहरातल्या कुठल्याही गुन्हेपटाला चालणारे शब्द. गाव गेलं की कारण गेलं, कारण गेलं की उरतो तो एक गुंड आणि एक पोलीस. नाव बदलताना बाज किती बदलतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी जोडी मराठी-हिंदीत दुसरी सहसा सापडणार नाही. जे म्हणतात की शीर्षक हे नुसतं लेबल असतं, त्यांनी ही दोन नावं शेजारी ठेवून वाचावी.

मग मुळशीच्या गोष्टीला शोभेल असा उंबरठा कसा असता? त्यासाठी पौडच्या तहसील कचेरीतल्या एका कागदाकडे पाहावं. सातबारा ही शेतकऱ्याच्या आयुष्यातली खरी नामावली आहे. वर गाव नमुना सात, त्यात गट क्रमांक, हेक्टर-आर, आकार आणि भोगवटादाराचं नाव. नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. माणूस गेला की त्याच्या नावाला कंस होतो आणि खाली वारस चढतात. मुलं भोगवटादाराच्या रकान्यात. बहिणींची नावं कितीदा तरी बाजूला, इतर हक्कांत ढकललेली. मग खरेदीखत होतं, सगळ्या भावांना एकदम कंस पडतो आणि खाली एखाद्या कंपनीचं नाव येतं. त्याच कागदाच्या तळाशी गाव नमुना बारा, पिकांचा. एका वर्षी भात, पुढच्या वर्षी भात, कडेला नाचणी, मग एके वर्षी पड, आणि मग रकाना रिकामा. कल्पना करावी, की पडद्यावर फक्त हा कागद आहे. तलाठ्याच्या हस्ताक्षरात नावं चढताहेत, कंसात जाताहेत, वर्तुळातले आकडे वाढताहेत, आणि कलाकार-तंत्रज्ञांची नावं त्याच रकान्यांत पडताहेत. संगीताऐवजी टाकाचा आणि शिक्क्याचा आवाज. शेवटी पिकाचा रकाना कोरा राहतो आणि त्या कोऱ्या जागेत चित्रपटाचं नाव उमटतं. दीड मिनिट पुरेल. असं दीड मिनिट पाहून आत शिरलेला प्रेक्षक पहिला कोयता पाहील तेव्हा त्याला त्या हातामागचा कंस दिसेल. जाहिरातींनी ठरवलेला बाज पुसून दिग्दर्शकाचा बाज उभा करायला याहून स्वस्त आणि याहून जवळची जागा नाही.

यावर कुणी म्हणेल, की एवढ्याने तालुक्याची बदनामी थोडीच थांबली असती. नसती थांबली, असं धरून चालू. पोस्टर भिंतीवर राहतं, गाणं वरातीत वाजतं, आणि दीड मिनिटाची शीर्षकं त्या दोघांना पुरी पडत नाहीत. पण चित्रपट वर्षानुवर्षं पुन्हा पाहिला जातो. पोस्टर फाटतं, गाण्याची जागा नवं गाणं घेतं, आणि उरतो तो चित्रपट, त्याच्या पहिल्या पाटीसकट. पौड रस्त्यापासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथे शिकणाऱ्या पिढीला 'संत तुकाराम' कशाने कळतो? त्या काळच्या जाहिरातींनी नाही. तुतारी वाजते, दोन आवाज एकच भजन म्हणतात आणि ९० वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाला जे सांगितलं गेलं तेच त्यांनाही सांगितलं जातं. मुळशीवरचा पुढचा चित्रपट कुणीतरी करेलच. जमीन अजून विकली जाते आहे आणि सातबारावर कंस अजून पडताहेत. तो करणाऱ्याने पहिल्या दोन मिनिटांवर कात्री ठेवण्याआधी एकदा पौडला यावं, कचेरीत एखादा जुना हस्तलिखित उतारा मागून घ्यावा आणि त्यातली नावं वरून खालपर्यंत सावकाश वाचावी. नावं वाचायला वेळ लागतो. तेवढा वेळ प्रेक्षकाकडून मागायचा हक्क त्या माणसांच्या गोष्टीला आहे.